जक्कयाचा हिशेब

इंदापूर तालुक्यांत पुणें-सोलापूर महामार्गालगत पळसदेव नांवाचें गांव आहे. आज रस्त्यावरून जें गांव दिसतें तें नवें होय. जुनें पळसदेव भीमेच्या कांठीं वसलेलें होतें, आणि उजनी धरणाचा जलाशय भरूं लागला तेव्हां तें पाण्याखालीं गेलें. घरें गेलीं, काळ्या जमिनी गेल्या, आणि पळसनाथाचें प्राचीन देऊळही गेलें. पावसानें दगा दिला व जलाशय फार उतरला, म्हणजे तें देऊळ पुन्हां उघडें पडतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत उजनीचा उपयुक्त सांठा संपून पाणी मृतसांठ्यांत उतरलें, तेव्हां असेंच झालें. दूरदूरचे लोक पाहावयास आले, विटांच्या शिखराकडे व दगडी कोरीव कामाकडे पाहून थक्क झाले, आणि छायाचित्रें घेऊन परत गेले.

त्या देवळाचें वर्णन करण्याचें काम आमच्याहून अधिक जाणत्यांनीं केलेलें आहे. आम्हांस येथें बोलावयाचें आहे तें त्या पाण्याविषयीं, आणि त्या पाण्यानें माणसांमाणसांत जें देणें-घेणें उत्पन्न केलें आहे त्याविषयीं. एक गांव बुडालें म्हणून दुसऱ्याचा ऊंस उभा राहिला. एकाचें अंगण गेलें म्हणून दूरच्या शहरांतील नळाला पाणी आलें. हें देणें कोणीं व कोणास फेडावयाचें? ख्रिस्ती मनुष्याच्या तोंडीं पश्चात्ताप आणि नवा जन्म हे शब्द वारंवार असतात. त्या शब्दांचा अशा रोकड्या देण्याशीं कांहीं संबंध आहे, कीं ते केवळ रविवारच्या उपासनेपुरतेच आहेत?

लूकच्या शुभवर्तमानांत जक्कयाची कथा आहे, ती आपल्या विद्यार्थ्यांस लहानपणापासून पाठ असते. ठेंगणा मनुष्य, गर्दींतून दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला, आणि प्रभूनें त्याला नांवानें हांक मारून खालीं उतरविलें. मुलांना हें झाड फार आवडतें व शिक्षकही बहुधा झाडापाशींच थांबतात. वस्तुतः कथेचा गाभा जक्कय खालीं उतरल्यावर सुरू होतो. घरीं पाहुणा बसलेला आहे, बाहेर लोक कुरकुरत आहेत, आणि यजमान उभा राहून भजन गात नाहीं, डोळे पुसत नाहीं, तर आंकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचें कांहीं अन्यायानें घेतलें असेल त्याला चौपट परत.

हा चौपटीचा आंकडा लक्षांत घेण्याजोगा आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें, आपला अपराध आपण होऊन कबूल करणाऱ्यानें मुद्दल आणि वर त्याचा पांचवा हिस्सा दिला म्हणजे पुरे होतें. मेंढरूं चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला मात्र एकाबद्दल चार मेंढरें भरावीं लागत. जक्कयाला कोणीं पकडलें नव्हतें. स्वेच्छेनें कबुली देणाऱ्याची सवलत त्याला सहज घेतां आली असती. ती न घेतां त्यानें स्वतःला चोराचा दंड लावून घेतला. आपण केलेल्या गोष्टीला तिचें खरें नांव देणें हें त्याच्या पालटाचें पहिलें लक्षण होय. आपल्याकडे मात्र पुष्कळांचा पश्चात्ताप पांचव्या हिश्शावरच अडून राहतो, आणि तोही रोख नव्हे, शब्दांत.

त्याच्याही आधीं बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेच्या कांठीं उभा होता. जकातदारांनीं त्याला विचारलें, आम्हीं काय करावें? त्यानें त्यांना धंदा सोडून रानांत येण्यास सांगितलें नाहीं. ठरलेल्याहून अधिक घेऊं नका, एवढेंच सांगितलें. शिपायांना सांगितलें कीं, जुलूम करूं नका, आपल्या पगारांत तृप्त असा. ज्याला दोन अंगरखे, त्यानें ज्याला नाहीं त्याला एक द्यावा. एवढा रोखठोक नदीकांठचा उपदेश आम्हीं दुसरा वाचलेला नाहीं.

आतां आपल्या नदीकांठीं येऊं. उजनीची पायाभरणी १९६६ सालीं झाली व १९८० सालीं धरण पुरें झालें. त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं सुमारें ६३ अब्ज घनफूट मृतसांठा, म्हणजे उपयुक्त पाणी निम्म्याहूनही कमी. या पाण्यावर कालव्यांखालील रानें आहेत, फुगवट्यावरून मोटारी लावून उपसा करणारे शेतकरी आहेत, साखर कारखाने आहेत, पंढरपूर आहे, सोलापूर शहर आहे. सोलापूरला नळवाटेनें पाणी जातें, पण त्याशिवाय नदींत पाणी सोडण्याची पद्धतही अनेक वर्षें चालत आलेली आहे. अशा वेळीं वाटेंत कांठाच्या मोटारींनीं तें उपसूं नये म्हणून त्यांची वीज थोड्या तासांपुरती करावी लागते. म्हणजे एका शहराच्या घशाची कोरड भागावी म्हणून शेंकडों माणसांवर विश्वास टाकतां येत नाहीं, तार तोडावी लागते. सरकारी व्यवस्थेवर टीका करणें सोपें आहे. परंतु ही तार तोडण्याची वेळ कोणाच्या वागण्यानें आली, हेंही विचारलें पाहिजे.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. पळसदेवासारख्या गांवच्या मनुष्यानें म्हटलें, "माझ्या वाडवडिलांचें घर या पाण्याच्या तळाशीं आहे. माझ्या जमिनीवर हें पाणी उभें आहे. त्यांतलें चार तासांचें पाणी मीं परवान्यावांचून घेतलें, रात्रीं तारेवर आकडा टाकून मोटार चालविली, तर मी चोर कसा?" या मनुष्याला उत्तर देतांना आवाज चढविण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. त्याचें येणें खरें आहे. धरणांत ज्यांचें गांव गेलें त्यांना मोबदला मिळाला असें कागद सांगेल; पण पारावरची बैठक, नदीकांठचें मळ्याचें रान, पुरलेल्या माणसांची जागा, यांचा मोबदला कोणत्याही कचेरींत ठरत नाहीं.

तरीही आमचें उत्तर असें आहे कीं, येणें खरें असलें तरी वसुली चुकीच्या माणसाकडून होत आहे. त्या रात्रींच्या मोटारीनें ज्यांच्याकडून पाणी घेतलें, त्यांनीं त्याचें गांव बुडविलें नव्हतें. कालव्याच्या शेवटच्या टोंकाला ज्याचें रान आहे तो शेतकरी, सोलापुरांत चार-पांच दिवसांनीं येणाऱ्या नळाची वाट पाहत घागरी मांडून बसणारी बाई, यांचें त्याच्याकडे कांहींएक देणें नाहीं. किंबहुना जक्कयाचा धंदा तरी दुसरा कोणता होता? रोमी सत्तेचें देणें त्याच्या मानेवर होतें, आणि तें त्यानें यरीहोच्या भाजीवाल्या-मेंढपाळांकडून अधिकाची भर घालून उकळलें. वरून आलेला अन्याय खालीं ढकलणें, आणि ढकलतांना आपलाही हात ओला करून घेणें, याला व्यवहार असें नांव आहे. ज्याचें येणें आहे त्यानें तें उजेडांत, मोर्चा नेऊन, कोर्टांत जाऊन, ग्रामसभेंत बोलून मागावें. त्यांत ख्रिस्ती माणसानें त्याच्या शेजारीं उभें राहावें. अंधारांत शेजाऱ्याकडून वसूल करण्यांत मात्र त्याला साथ देतां येणार नाहीं.

हें बोलणें सुखवस्तू माणसाचें कोरडें शहाणपण वाटेल. म्हणून याच भीमेच्या खोऱ्यांतील एका व्यक्तीची आठवण करून देतों. रेल्वेनें पुण्याहून सोलापुराकडे जातांना केडगांव लागतें. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिमिशन आहे. रमाबाईंचें या जगाकडे केवढें येणें होतें! दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण गेलीं, उपाशीपोटीं भावासह शेंकडों कोस पायपीट झाली, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षें पुरीं होतात न होतात तोंच पति गेला. १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला; परंतु पुढें त्यांनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे कीं, त्या वेळीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो पुढें कित्येक वर्षांनीं मिळाला. मग १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतांत दुष्काळ पडल्याचें कळतांच ही बाई तिकडे गेली आणि सुमारें तीनशें निराश्रित मुली व स्त्रिया घेऊन आली. तिची पूर्वीची भूक हें तिचें येणें होतें. तिनें तें देणें मानलें. ज्यानें दुष्काळ सोसला त्यानें दुष्काळग्रस्ताचें देणें लागावें, हा हिशेब जगाच्या वहींत कोठें बसत नाहीं. केडगांवच्या जमिनींत विहिरी खणल्या गेल्या, फळझाडें लावलीं गेलीं, आणि त्याच माळावर मुलींनीं खिळे जुळवून सोप्या मराठींतील बायबल छापलें. १९२२ सालीं रमाबाई गेल्या तेव्हां त्यांनीं मूळ भाषांवरून केलेलें तें भाषांतर पुरें झालेलें होतें.

पालट एका दिवसांत होत नाहीं याची आणखी एक साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दूर राहिल्या, आणि पतीकडे परतल्यावरही त्यांचें सोंवळें, त्यांची चूल व त्यांचें पिण्याचें पाणी निराळेंच होतें. हळूहळू त्यांच्या मनांतून जातिभेद गळून पडला, आणि तो बाप्तिस्म्याच्या आधीं गळून पडला, हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यास ठाऊक आहे. पाणी कोणाच्या हातचें प्यावें, एवढ्या प्रश्नावर त्यांच्या आयुष्याचा निकाल लागत गेला. आम्हांस ही गोष्ट मोठ्या सभेंतील कोणत्याही साक्षीहून अधिक पटते.

आतां विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. वडिलांची मोटार आकड्यावर चालते हें ज्या मुलाला ठाऊक आहे, त्यानें काय करावें? घरांतील गोष्ट चव्हाट्यावर मांडण्यास आम्ही त्याला सांगणार नाहीं. बापाची चुगली करणें हा धर्म नव्हे. पण रात्रीं आकडा टाकण्यास त्याला पाठविलें, तर "दादा, हें माझ्या हातून होणार नाहीं" असें नम्रपणें म्हणण्याचा त्याला हक्क आहे, आणि तें म्हणणें फार जड आहे याची आम्हांस जाणीव आहे. त्या आकड्यानें दरसाल माणसें विजेच्या धक्क्यानें मरतात, हेंही त्यानें सांगावें. परीक्षेंत शेजाऱ्याची वही पाहणें, वाचनालयाच्या पुस्तकांतील पान फाडणें, कंडक्टर विसरला म्हणून तिकिटाचे पैसे खिशांत ठेवणें, हीं सारीं याच वर्गांतील लहान देणीं आहेत. त्यांचा विस्तार करीत नाहीं, कारण हीं मुलांना आमच्याहून चांगलीं ठाऊक असतात.

कोणी म्हणेल, मी एकट्यानें मोटार बंद ठेवली तर तें पाणी शेजारचा उपसणार, सोलापूरला थेंबभरही अधिक जाणार नाहीं. हें म्हणणें बहुतेक खरें आहे. आम्ही खोटा दिलासा देत नाहीं. जक्कयानें जकात अधिक घेणें थांबविल्यानें रोमी राज्यांतील लूट कमी झाली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आणि शेतकऱ्यालाच सारा उपदेश कां, असा प्रश्नही रास्त आहे. पुणें व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेंत व तेथून उजनींत उतरतें. पळसदेवचें घर ज्या पाण्याखालीं आहे, त्यांत शहरांची घाण मिसळलेली आहे. शहरांतील ख्रिस्ती मंडळ्यांनीं, ज्यांत या शाळेचे पुष्कळ माजी विद्यार्थी आहेत, आपल्या घराच्या मोरीचें पाणी कोठें जातें याची एकदां चौकशी करावी. तीही जक्कयाच्याच हिशेबांतील एक ओळ आहे.

शुभवर्तमानकारानें एक गोष्ट मात्र सांगितलेली नाहीं, आणि आम्हांस तिची राहून राहून उत्सुकता वाटते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं यरीहोंत काय झालें? चौपट परत करण्याची बातमी गांवभर पसरली असणार. दारांत माणसें उभीं राहिलीं असणार. कांहीं खरीं, कांहीं खोटें येणें सांगणारीं. एखादी म्हातारी दोन नाण्यांसाठीं आलेली, आणि एखादा असा कीं ज्याला आतां परत देतां येणार नाहीं, म्हणून त्याचा मुलगा आलेला. जक्कय वही उघडून बसला असेल, एकेकाचें नांव शोधीत, आणि बाहेर ऊन चढत चाललें असेल.