नशीब नव्हे, हयगय!



एकरी टनेज, साखर उतारा, बिलाचा हप्ता, पाण्याची पाळी हे विषय या पानांतून नेहमी येतात, आणि ते यायलाच हवेत. पण ऊस पिकविणारा माणूसच जागेवर राहिला नाही, तर टनेज घेऊन करायचे काय? म्हणून आज आम्ही अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधीत आहोत, की ज्याची चर्चा आपल्या गावांत जेमतेम तेराव्यापर्यंत चालते आणि मग बंद पडते. हा विषय म्हणजे सर्पदंश.

कोणाला पान लागले आणि तो दगावला, की पारावर ठरलेले वाक्य ऐकू येते, "नशिबात होतं, त्याला कोण काय करणार?" आम्हाला हे मान्य नाही. साप चावणे हा एक वेळ नशिबाचा भाग म्हणू. पण चावल्यानंतरचे दोन-तीन तास अंगारे-धुपाऱ्यांत घालविणे हा नशिबाचा भाग नव्हे. ती हयगय आहे, आणि हयगय सुधारता येते.

प्रश्न किरकोळ नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाची सरासरी निघते ५८ हजार. त्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त १५ वर्षांच्या आतली मुले. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे पावसाळ्यातले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले आहे. आराखडा दिल्लीत झाला. तो आपल्या बांधापर्यंत आणणे मात्र आपल्याच हाती आहे.

उसाचे रान आणि रात्रीची पाळी

उसाचे रान म्हणजे सापाचे माहेरच. गार सावली, बारमाही ओल आणि खायला उंदीर. उंदीर उसाची बुडखी कुरतडायला येतो आणि साप उंदराच्या मागे येतो. त्यात ऊस लोळलेला असला, की पाय कुठे पडतो हे दिवसासुद्धा दिसत नाही. आणि आपण तर रात्री जातो! शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आहे. सौर योजनांमुळे काही भागांत ती मिळू लागली, पण रात्रीची पाळी अजून सगळ्यांची सुटलेली नाही. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात मोबाइलचा मिणमिणता उजेड, आणि पाय उघडे. अशा थाटात आपला सभासद मध्यरात्री दारे धरायला निघतो. घरची माऊली मागून म्हणते, "अहो, बूट तरी घाला की." उत्तर ठरलेले, "चिखलात बूट रुततो, तुला काय कळतंय!"

आमच्या मते कळते ते माऊलीलाच.

आपल्या भागात माणसाला मारणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, शेवटी श्वास अडतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर जाते. जागा सुजते, रक्त गोठेनासे होते, घोणशीच्या दंशात मूत्रपिंडही निकामी होऊ शकते. यांत मण्यार फार फसवी. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही. खाली झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठला, उलट्या झाल्या, पापण्या जड झाल्या, तर "रात्रीचं जेवण बाधलं" म्हणून ओवा देत बसू नये. मण्यारीचा संशय धरून तडक दवाखाना गाठावा.

टनभर उसाची किंमत

आता खर्चाचे बोलू. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली. तोडणी-वाहतूक वजा जाता जे हातात पडतात, त्या एका टनाच्या पैशांत गमबुटांचा एक जोड, एक चांगली बॅटरी आणि दोन मच्छरदाण्या सहज येतात. मुलाच्या लग्नात मांडवाला आणि डीजेला किती टन ऊस जातो, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. आम्ही कोणाचे नाव घेत नाही. पण वरातीला पन्नास टन निघतात आणि गमबुटाला एक टन निघत नाही, हा हिशेब आम्हाला कळत नाही.

घरच्या साध्या गोष्टी अशा :

झोपणे खाटेवर, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. साप अडतो आणि डासही अडतात. घरात खाटा कमी असतील तर आधी पोरांना द्याव्यात.

पाचट जाळू नका, शेतात कुजवा, असे शेतकी खाते सांगते ते खरेच आहे. पण ते शेतातच कुजवावे. घराच्या भिंतीला लागून पाचट, सरपण, गोवऱ्या आणि विटांचा ढीग रचणे म्हणजे सापाला खोली बांधून देणे. गोवरी काढताना आधी काठीने ठोकावे, मग हात घालावा. हे काम बहुधा घरच्या बायका आणि मुलींच्या वाट्याला येते, म्हणून सुनेला-लेकीला हे आवर्जून सांगावे.

धान्य झाकून ठेवावे, सांडलेले लोटून काढावे. उंदीर घटला की साप घटतो. भिंतीतली बिळे लिंपून घ्यावीत. परसाकडे जाणे असो की गोठ्यात, हातात बॅटरी हवी. घरात संडास असून सवयीने अंधारात ओढ्याकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही आमची हात जोडून हीच विनंती आहे.

आणि दिसेल तो साप मारण्याचे कारण नाही. धामण तर उंदीर खाणारी, शेतकऱ्याची बिनपगारी गडी. नागपंचमीला आपण नांगर धरत नाही, विळीवर चिरत नाही. मग उरलेल्या दिवशी काठी घेऊन मागे लागण्यात काय शहाणपण? काठी घेऊन मागे धावणाऱ्यालाच तो उलटून चावतो.

पान लागले तर

मांत्रिकाला यश का येते, हे एकदा नीट समजून घ्या. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष उतरतेच असे नाही. ही माणसे कोणी काही न करता वाचणारच असतात. ती वाचली की गुण मांत्रिकाला जातो, आणि खरे विष चढून माणूस गेला की दोष नशिबाला जातो. आम्ही कोणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही. देवाला हात जरूर जोडा, पण गाडीत बसून जोडा. गाडी थांबवू नका.

विषावर उतारा एकच, तो म्हणजे सर्पदंशाची लस, म्हणजेच प्रतिविष. या चारही सापांवर ती एकच चालते, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. तोवर काय करावे?

१. माणसाला धीर द्यावा. त्याला पळवू नये, चालवू नये.

२. अंगठी, बांगड्या, तोडे, करदोटा लगेच काढावा. सूज आल्यावर निघत नाहीत.

३. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी किंवा काठी लावून हात-पाय हलणार नाही असा सैलसर बांधावा. दोरीने करकचून आवळू नये. रक्त थांबून हात-पाय गमवावा लागतो.

४. चिरणे, चोखणे, डाग देणे, बर्फ लावणे, मिरची किंवा लिंबाचा पाला खायला घालून पाहणे, हे सारे बंद.

५. १०८ ला फोन करावा. गाडीला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर रोग्याला मध्ये बसवून मागून एकाने धरावे आणि निघावे.

६. साप शोधण्यात वेळ घालवू नये. डॉक्टरला साप लागत नाही, लक्षणे लागतात. चावल्याची वेळ मात्र लक्षात ठेवावी.

आणखी एक. दवाखान्यात डॉक्टरने लस लगेच टोचली नाही म्हणून काही ठिकाणी भांडणे होतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांत ते गोठते की नाही हे डॉक्टर बघतात, पापण्या आणि श्वास बघतात. विषाची खूण दिसली तरच लस देतात, कारण लशीचीही काहींना तीव्र रिॲक्शन येते. तेव्हा माणूस बरा दिसला तरी २४ तास दवाखान्यात ठेवावा. "आता बरं वाटतंय" म्हणून रात्रीच घरी आणू नये.

असे बदल घडतात, हे कोकणाने दाखविले आहे. लाल विंचवाच्या दंशाने तिथे पूर्वी पुष्कळ माणसे, विशेषतः मुले जात. तेही "नशीब"च होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यावर वापरली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी मिळाली आणि लोक वेळेवर दवाखान्यात येऊ लागले, तेव्हा नशीब बदलले!

कोप्यांचे काय?

आतापर्यंत सभासदांच्या घरचे बोललो. पण ज्यांच्या कोयत्यावर आपला गळीत हंगाम चालतो, ते तोडकरी कुठे झोपतात? रानाच्या कडेला, कोपीत, जमिनीवर अंथरलेल्या पाचटावर. पहाटे अंधारात ते फडात शिरतात, रात्री-बेरात्री गाडी भरतात, आणि तान्ही पोरे फडाच्या बांधावर निजवितात. धोका आपल्यापेक्षा त्यांना अधिक, आणि गावात ओळख मात्र कोणाशी नाही. रात्री काही झाले तर दवाखाना कोणत्या दिशेला हेसुद्धा त्यांना ठाऊक नसते.

ज्याच्या फडात टोळी आहे, त्याने पहिल्याच दिवशी मुकादमाला दवाखान्याची वाट दाखवावी आणि आपला फोन नंबर द्यावा. कोप्या फडाच्या कडेला न टाकता मोकळ्या, साफ जागी टाकाव्यात. लेकरांपुरते तरी बांबूचे माचण आणि मच्छरदाणी व्हावी. आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण टोळीला चहा-पाणी करतो. हे त्याहून मोठे पुण्य आहे.

कारखान्याकडे आणि गावाकडे

कारखान्याकडे आमचे मागणे साधे आहे. खत आणि बेणे उधारीवर देऊन बिलातून कापून घेतात, तसेच गमबूट आणि बॅटरीही द्यावी. प्रत्येक गट कार्यालयात जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस आहे आणि रात्री डॉक्टर असतो, याचा फलक लावावा. सभासदांनीही वार्षिक सभेत दरावर बोलून झाले, की दोन शब्द यावर बोलावेत.

गावाने ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारावे, लस किती आहे? रात्री कोण असते? हे विचारण्याची वेळ पावसाळ्याआधीची, माणूस ओसरीवर तडफडत असतानाची नव्हे. आणि प्रत्येक आळीने एवढे ठरवावे, की रात्री हाक आली तर पहिली गाडी कोणाची निघणार. भाऊबंदकी, बांधाचा वाद, निवडणुकीतला गट, सगळे त्या रात्रीपुरते बाजूला.

शेतकऱ्याचा असा मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. ज्यांच्यावर प्रसंग आला आहे त्यांना हे जरूर कळवा. पण हा अर्ज लिहिण्याची पाळी कोणावर न यावी, यासाठीच हा सारा प्रपंच.

बूट, बॅटरी, खाट आणि ठरलेली गाडी. चार गोष्टी आहेत, एका टनात बसणाऱ्या. येत्या बिलातून आधी एवढा एक टन बाजूला काढा, बाकीचे मग ठरवा.