काष्टीत कुठं?

काष्टीचा शनिवारचा बैलबाजार ज्यानं पाहिलाय, त्याला दलाल म्हणजे काय ते सांगायला नको. बैलाचे दात बघायचे, चार पावलं चालवायचा आणि उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करायचा. भाव कुणाला ऐकू येत नाही. बैलाला तर नाहीच नाही.

परवा असाच एक दलाल भेटला. बैलांचा नाही, खोल्यांचा. पनवेलच्या बाजूचा. मी गोदीत ठेकेदाराकडं रोजावर. डॉकयार्ड रोडला उतरायचं, म्हणजे घर हार्बरवरच हवं. पोरगी पुढच्या जूनला पहिलीत जाणार, म्हणजे शाळा जवळ हवी. आज मानखुर्दला मेव्हण्याच्या खोलीत सहाजणं राहतो. पगाराची स्लिप नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, म्हणून भाड्याचीच खोली, पण स्वतःच्या चुलीची. एवढंच मागणं.

दलाल आपल्या जिल्ह्याचाच निघाला. "पाव्हणं, गाव कंचं?" म्हटलं, काष्टी. माणूस खुलला. "बैलबाजाराचं काष्टी! आमचा म्हातारा तिथनंच जोडी आणायचा." चहा सांगितला. आणि कप माझ्या हातात असताना हळूच विचारलं, "काष्टीत कुठं?"

बघितले दात!

मी सांगितलं, बौद्धवाड्यात. खोली तासापूर्वी रिकामी होती. चहा संपेस्तोवर मालकाचा भाचा तिथं राहायला यायचा ठरला.

दोस्तांनो, मी त्या दलालावर लिहीत नाही. तो नुसतं बोट आहे. उपरणं कुणाचं ते बघा.

१९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा उघडा. चौथं कलम वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत घर बांधू, घेऊ किंवा राहू न देणं हा गुन्हा आहे, असं त्यात छापलेलं आहे. छापलेलं आहे म्हणून आपण खूश! पण गुन्हा नोंदवायला शब्द लागतो, साक्ष लागते. आणि इथं कुणी शब्दच काढत नाही. मालकाचा भाचा येतो. "कमिटी नको म्हणते." "फक्त शाकाहारी." सौदा उपरण्याखाली होतो, पंचनामा कशाचा करणार? वर २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं, एकाच समाजाला सभासद करून घ्यायचा सहकारी सोसायटीचा नियम चालतो, असा निकाल दिला. सहकार म्हणे! गावात वेस होती, इथं वॉचमन आहे.

आता 'चांगला एरिया' या शब्दाचं मराठीत भाषांतर करू. जाहिरातीत लिहितात : चांगली वस्ती, चांगल्या शाळा, स्टेशन दहा मिनिटं. चांगली वस्ती म्हणजे आपण नसलेली वस्ती. चांगली शाळा म्हणजे आपली पोरं नसलेली शाळा. स्टेशन मात्र सगळ्यांना लागतं. कारण सकाळी धुणीभांडी करायला, रस्ता झाडायला, माल उचलायला आपण वेळेवर यायला हवं. आणि संध्याकाळी वेळेवर परत जायला हवं. महार-मांगांनी दिवसा गावात राबावं आणि रात्री गावकुसाबाहेर झोपावं, हीच ती जुनी व्यवस्था. आता तिला मासिक पास काढलाय, इतकंच.

कुणी म्हणेल, गड्या, शिक्षण हक्काचा कायदा आहे की! आहे. २००९चा आहे. खासगी विनाअनुदानित शाळेनं पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरच्या पोरांना द्यायच्या. आपल्या पोरांना उत्पन्नाच्या दाखल्याचीसुद्धा अट नाही. पण आपल्या राज्यात त्या जागांना अंतराची मोजपट्टी आहे. एक किलोमीटरच्या आतलं पोर आधी. तीन किलोमीटरच्या आतलं नंतर. त्याच्या पलीकडचं सगळ्यात शेवटी. पत्त्याला पुरावा हवा, भाडेकरू असशील तर नोंदणी केलेला भाडेकरार हवा.

आता नीट बघा. चांगल्या शाळेच्या एक किलोमीटरच्या आत कोण राहतं? "कुठं?" या प्रश्नाला बरोबर उत्तर देणारा! कायदा पोरीची जात बघून तिला जागा देतो आणि मालक तिच्या बापाची जात बघून खोली नाकारतो. खोली नाही, तर भाडेकरार नाही. भाडेकरार नाही, तर किलोमीटर नाही. किलोमीटर नाही, तर शाळा नाही. शाळेनं नकार दिलाच नाही, सरकारनं दिला नाही, कुणीच दिला नाही. आणि पोरगी बाहेर! असा हा बामणी हिशेब.

तेवढ्यानंही पोट भरलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियमच फिरवला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सुट्टी! म्हणजे तुमची शाळा तुम्हाला, आमची आम्हाला. पालक आणि संघटना कोर्टात भांडल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, जुलैत नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही शाळांचं ऐकलं नाही. आणि ज्या सरकारी शाळेकडं आम्हाला ढकलत होते, तिचं काय चाललंय? सप्टेंबर २०२३ मध्ये याच सरकारनं २०पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले होते. वाडीवरच्या पोरानं आणखी लांब जावं. म्हणजे शहरात शाळेपासून आम्हाला लांब ठेवा, आणि खेड्यात शाळाच लांब न्या. अंतर ही आजची वेस आहे. ती मातीची नाही म्हणून कुणाला दिसत नाही.

आपल्यातच दोन शहाणे आहेत. पहिला पांढरपेशा. म्हणतो, "गाव काष्टी कशाला सांगतोस? नगर सांग. नावाची पाटी लावू नको. घरात बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लाव. पोरीचं भलं बघ." दुसरा जहाल. म्हणतो, "वस्ती सोडणं म्हणजे गद्दारी."

दोघांनाही मी एकच गोष्ट सांगतो. १९०४च्या सुमारास रामजी सुभेदार सातारा सोडून मुंबईत आले. परळच्या डबक चाळीत खोली घेतली. एका खोलीत सारा संसार. कशासाठी? पोरगा चांगल्या शाळेत शिकावा म्हणून. आपल्या चळवळीचा पाया एका बापानं शाळेसाठी घेतलेल्या खोलीत आहे. तेव्हा पोरीच्या शाळेसाठी घर शोधणाऱ्याला गद्दार म्हणणाऱ्यानं आधी रामजींना गद्दार म्हणून दाखवावं!

आणि पांढरपेशा भावा, पुढचं ऐक. एल्फिन्स्टनसारख्या शाळेत मास्तरनं भीमरावाला फळ्याजवळ बोलावलं, तेव्हा फळ्यामागं ठेवलेले डबे उचलायला सवर्ण पोरांची धावपळ उडाली. चांगली शाळा मिळाली म्हणून डबे सरकायचे थांबले नाहीत. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. लोक काठ्या घेऊन दारात आले. चोरून घेतलेलं छप्पर बाबासाहेबांना पुरलं नाही, तुला आणि मला काय पुरणार? पोरीला पहिल्या दिवशी खोटं गाव शिकवायचं आणि वर म्हणायचं, बाई, नीट शीक. काय शिकंल ती?

आई म्हणते, "नका फिरू वणवण. पोरगी हितं ठिव. भीमा वलांडली की दौंड, घालू तिथल्या शाळंत." आईचं काळीज खरं. पण याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी पोराला मारलं. साक्षीदार फितूर झाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. आई, गावाची शाळा जवळ आहे म्हणून गाव जवळचं होत नाही.

मग करायचं काय? रडायचं नाही. फॉर्म भरायला शिकायचं. प्रत्येक वस्तीत एक टेबल टाका. पंचवीस टक्क्यांचे अर्ज, जातीचे दाखले, भाडेकरार, सगळं त्या टेबलावर. ज्याच्याकडं शाळेजवळ खोली आहे, त्यानं आपल्या माणसाला भाड्यानं द्यावी आणि करार नोंदवून द्यावा. दहा टक्के कमी भाडं घेतलं तर मरणार नाहीस. दलालानं "कुठं?" विचारलं की एकट्यानं कप ठेवून उठू नका. दुसऱ्या दिवशी दुसरा, तिसऱ्या दिवशी तिसरा पाठवा. भाचा किती दिवस येतो ते लिहून ठेवा. सौदा उपरण्याखालून उजेडात आणा, मग चौथ्या कलमाला साक्ष मिळेल. आणि पालिकेची, जिल्हा परिषदेची शाळा सोडू नका. तिथं मास्तर मागा, संडास मागा, पाणी मागा. खोली न मिळालेल्यांची पोरं तिथंच आहेत. आज माझीही तिथंच जाईल कदाचित.

मी खोली शोधतोच आहे. रात्रपाळी सुटली की खारघर, खांदेश्वर, पनवेल. अजून चार दलालांनी विचारलं, काष्टीत कुठं? चौघांनाही तेच उत्तर दिलं. पाचव्यालाही तेच देणार. पोरगी सोबत असते. ऐकते. ऐकू दे!

जय भीम.