आधी अभ्यास, मग वाटाघाट

कसबा पेठेतून निघून नदीच्या कडेने चालत गेले की मुळा-मुठेचा संगम अर्ध्या तासाच्या आत येतो. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यात आला आणि त्याने संगमावर आपली रेसिडेन्सी थाटली. १७९७ पर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षे, तो याच एका दरबाराकडे डोळे लावून होता. टिपूविरुद्धचा १७९० चा करार त्याने पेशव्यांशी केला, हे दरबाराच्या प्रसिद्ध चित्रामुळे अनेकांना ठाऊक असते. त्याहून शिकण्याजोगा आहे तो पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार. रियासतकार सरदेसाईंसारख्या अभ्यासकांनी तो छापून आणला, म्हणून आज आपल्याला वाचता येतो. दरबारातले गट, सरदारांचे हेवेदावे, नाना फडणवीसांचा कल या सगळ्यांवर त्यात बारीक नजर ठेवलेली दिसते. याच मॅलेटने वेरूळच्या लेण्यांवरही निबंध लिहिला. माहिती जमवणारा, तिचा अर्थ लावणारा आणि शेवटी वाटाघाटीला बसणारा माणूस एकच होता. कंपनीचा हेतू आपल्या मुळावर येणारा होता, हे खरेच. पण तिची कामाची रीत समजून न घेण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

आपल्याकडे मात्र परराष्ट्र धोरणाचा अभ्यास आणि प्रत्यक्ष मुत्सद्देगिरी या दोन वेगळ्या वाटा मानल्या जातात. अभ्यास विद्यापीठांनी करायचा, वाटाघाट अधिकाऱ्यांनी करायची, आणि अधिकाऱ्याने दर तीन वर्षांनी देश बदलायचा. त्याची किंमत आपण एकदा फार मोठी मोजली आहे. एप्रिल १९५४ मध्ये तिबेटसंबंधीचा करार झाला. ब्रिटिशांकडून वारशाने आलेले तिथले हक्क आपण सोडले, पण सीमेबद्दल चीनकडून काहीही वदवून घेतले नाही. त्याच वर्षीच्या जुलैत नेहरूंनी नव्या नकाशांवर उत्तर सीमा ठाम रेषेने दाखवण्याचा आदेश दिला. आणि इतिहासकार सर्वपल्ली गोपाल अक्साई चीनच्या दाव्याची कागदपत्रे तपासायला लंडनच्या दफ्तरखान्यात गेले ते १९५९ मध्ये! चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय सीमेवरील चर्चेसाठी दिल्लीत आले १९६० च्या एप्रिलमध्ये. आधी करार, मग नकाशा आणि सर्वांत शेवटी संशोधन, असा हा उलटा क्रम होता.

गोपाल यांच्या संशोधनामुळेच भारताची भूमिका ताठर झाली आणि तडजोडीची वाट बंद झाली, असा आक्षेप घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण दोष संशोधनाचा की ते उशिरा झाल्याचा? रेषा आधीच छापली गेली, तेव्हा अभ्यासाच्या वाट्याला तिची वकिली करणे एवढेच उरले. तोच अभ्यास १९५४ च्या आधी झाला असता, तर आपली बाजू कुठे भक्कम आहे आणि कुठे देवघेव शक्य आहे, हे टेबलावर बसण्यापूर्वीच कळले असते. माणसे नव्हती असेही नाही. वसंत परांजपे १९४७ मध्ये शिष्यवृत्तीवर पेकिंग विद्यापीठात गेले, चिनी भाषेत मुरले आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषे होते. अशा माणसाच्या ज्ञानाचा खरा उपयोग भेटीआधीच्या टिपणांत असतो.

एकाच देशात रमलेला अधिकारी त्या देशाच्या नजरेने बघू लागतो, हा दुसरा आक्षेप. हा धोका आहेच, पण त्यावर अज्ञान हा उपाय नव्हे. त्याचे निष्कर्ष बाहेरच्या अभ्यासकांकडून तपासून घेणे, हा आहे. विजय गोखले यांनी हाँगकाँग, तैपेई, बीजिंग असा चिनी जगाचा दीर्घ अनुभव घेतला. २०१७ च्या डोकलाम पेचात, त्या ७३ दिवसांत, ते बीजिंगमध्ये राजदूत होते. एकट्या राजदूतामुळे तो तिढा सुटला असे कोणी म्हणणार नाही. पण समोरचा कसा बोलतो आणि कधी गप्प बसतो, हे जाणणारा माणूस तिथे असणे ही काही लहान गोष्ट नव्हती. चीन भारताशी वाटाघाटी कशा करतो, यावरचे त्यांचे ‘द लाँग गेम’ हे पुस्तक आले २०२१ मध्ये, निवृत्तीनंतर. इतके मोलाचे विवेचन सेवेच्या मध्यावर, पुढच्या वाटाघाटीच्या कामी का येऊ नये?

सेवा लहान आहे, माणसे मोकळी करता येत नाहीत, असे उत्तर मिळेल. पण संख्या कमी असते तेव्हा प्रत्येकाची तयारी अधिक लागते. परराष्ट्र मंत्रालयाने अधिकाऱ्याला ऐन उमेदीत दोन वर्षे विद्यापीठात संशोधनासाठी पाठवावे आणि भाषा जाणणाऱ्या अभ्यासकाला तितकाच काळ वकिलातीत घ्यावे. पुण्यात विद्यापीठाचा संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभाग आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषा शिकवल्या जातात. दिल्लीहून बोलावणे येण्याची वाट न पाहता या दोघांनी मिळून असा प्रस्ताव मंत्रालयाकडे पाठवावा.