नव्या रिव्हॉल्व्हरचा तपासनीस कोण?

मराठी वाचकाच्या मनातले रिव्हॉल्व्हर बाबूराव अर्नाळकरांनी घडवले आहे. झुंजार असो वा काळा पहाड, कोटाच्या खिशातून निघालेले ते हत्यार ऐन वेळी सहसा दगा देत नसे. नेम चुके, शत्रू निसटे, दिवा फुटे. पण चाप ओढल्यावर नुसताच ‘टक्’ असा आवाज व्हावा आणि नायकाने ओशाळून हत्याराकडे पाहावे, हे त्या जगात बसत नाही. चेखॉवनेही लेखकांना बजावून ठेवले होते की रंगमंचावर भरलेली बंदूक आणलीत तर ती उडाली पाहिजे. साहित्यात हा नियम लेखक पाळतो. कारखान्यात तो पाळण्याचे काम ज्याच्याकडे असते, तो मनुष्य मात्र कुठल्याच वाङ्मयात येत नाही. त्याला गुणवत्ता तपासनीस म्हणतात.

भारतातल्या नव्याकोऱ्या रिव्हॉल्व्हरांबद्दल परवानाधारकांच्या तक्रारी जुन्या आहेत. चाप अतिशय जड, कडा खरखरीत, बिजागरी सैल, कधी घोडा आपटतो पण काडतूस उडत नाही. सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार आयात करता येण्याचा मार्ग १९८० च्या दशकात बंद झाला. त्यानंतर कित्येक वर्षे नवे रिव्हॉल्व्हर म्हणजे सरकारी आयुध निर्माणीचे रिव्हॉल्व्हर, असे समीकरण होते. लष्करी मापाची काडतुसे नागरिकाला वर्ज्य, म्हणून माप .३२, आणि रचना बर्मिंगहॅमच्या जुन्या वेब्लीवरून उतरवलेली, मध्ये मोडून उघडणारी. अलीकडे खाजगी उत्पादकांनाही परवाने मिळू लागले, वेब्ली अँड स्कॉट हे नावही उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात येऊन पोचले. पण चार दशके ज्या गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच नव्हते, त्याच्या तक्रारीला कारखान्यात काय किंमत असणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तक्रारी समजून घ्यायच्या तर आधी यंत्र समजून घेतले पाहिजे. रिव्हॉल्व्हर दिसायला सोपे असते, म्हणून फसवे. सहा घरांचे एक चक्र, ज्याला कारागीर सिलिंडरच म्हणतात, चाप ओढताना एक षष्ठांश फेरा फिरते आणि थांबते. ज्या क्षणी घोडा पडतो त्या क्षणी ते घर नळीच्या बरोबर समोर आलेले आणि तिथे घट्ट धरलेले असले पाहिजे. हे फिरवणारा पंजा, चक्राच्या मागचे दाते, चक्राला अडवणारी कळ आणि तिच्या खाचा, हे सारे एकमेकांच्या मापावर अवलंबून असतात. पंजा किंचित आखूड झाला की चक्र पूर्ण फिरत नाही. घर आणि नळी यांचे मध्य जुळले नाहीत की गोळी नळीत शिरताना तिची कड सोलली जाते आणि शिशाचे कण चक्राच्या फटीतून बाजूला उडतात. कधी चालवणाऱ्याच्या हातावर, कधी शेजाऱ्याच्या डोळ्यात. फट जास्त तर वायू वाया जातो, कमी तर चार गोळ्यांनंतर काजळी धरून चक्र अडकते. घोड्याची स्प्रिंग मऊ निघाली तर प्रायमरवर खळगा पडतो पण ठिणगी पडत नाही. आणि कारखान्यातून निघताना कुणी कडेचा बर काढला नसेल, तर तो निखळून नेमका चापाच्या खाचेत जाऊन बसतो.

यांतला एकही दोष गूढ नाही. ही सारी मापे शतांश मिलिमीटरच्या घरातली, आणि अशी मापे सांभाळणे हा अंबरनाथचा रोजचा व्यवसाय आहे.

अंबरनाथ म्हटले की बाहेरच्या माणसाला अकराव्या शतकातले शिलाहारांचे शिवमंदिर आठवते. फार तर विम्कोची काड्यापेटी. पण आनंदनगर एमआयडीसीत किंवा मोरिवलीकडे एखाद्या दुपारी फिरून पाहावे. रासायनिक कारखान्यांच्या वासाच्या पलीकडे पत्र्याच्या गाळ्यांमध्ये टूलरूम आहेत, स्प्रिंगवाले आहेत, ग्राइंडिंगचे जॉबवर्क करणारे आहेत. तिथल्या बाकावर ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी दोन टोके असलेले गेज पडलेले असते. एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. बारावी नापास झालेला मुलगाही आठवड्याभरात हे शिकतो. या तत्त्वाचे कुळ, गंमत म्हणजे, बंदुकीचेच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आणि पुढे अमेरिकेत, एका बंदुकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे या हट्टापायी गेजांची ही शिस्त वाढली आणि मग शिवणयंत्रापासून मोटारीपर्यंत सगळीकडे पसरली. शस्त्रनिर्मितीने जगाला दिलेली ही बहुधा सर्वांत निरुपद्रवी देणगी. तीच शस्त्रांच्या बाबतीत विसरली जावी, याला काय म्हणावे?

याच गावात आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे दोन सरकारी कारखाने आहेत. पहिल्याचे काम पितळ-अॅल्युमिनियमसारख्या अलोह धातूंचे, दुसऱ्याचे यंत्रांचे. रिव्हॉल्व्हर काही इथे बनत नाही. तरी त्याच्या तक्रारीचे काय होते ते समजायला इथली पाटी उपयोगी पडते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि ४१ कारखाने ७ कंपन्यांत वाटले गेले. त्या दिवशी अंबरनाथची निर्माणी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेली आणि शेजारची प्रोटोटाइप फॅक्टरी आवडीच्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. दोन शेजारी कारखाने, दोन वेगळ्या कंपन्या! आता रिव्हॉल्व्हरचे पाहा. कानपूरचे हत्यार कानपूरच्याच ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट’ या कंपनीचे, तर खडकीचे काडतूस पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाचे. काडतूस उडाले नाही, तर चूक कोणाची? घोडा हलका पडला की प्रायमर मुर्दाड होता? जाणकार प्रायमरवरच्या खळग्याची खोली पाहून बरेच काही सांगू शकतो. पण पूर्वी एका मंडळाच्या दोन टेबलांमध्ये फिरणारा कागद आता दोन कंपन्यांमध्ये फिरणार, आणि गिऱ्हाईक त्याच्यामागे.

‘मग दुरुस्त करून घ्यावे’ असे कुणी म्हणेल. इथेच सारी गोष्ट अडते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्र बनवणे, विकणे यांच्याच पंक्तीत ते दुरुस्त करणे आणि त्याची चाचणी घेणे हेही व्यवसाय म्हणून परवान्यावाचून वर्ज्य आहे. कायद्याचा हेतू उघड आहे आणि मला तो मान्यही आहे. गल्लोगल्ली कट्टे दुरुस्त होऊ नयेत. पण परिणाम असा की ज्या गावात पंजाची लांबी मोजून, नवी स्प्रिंग वळवून, खाच घासून देणारे शेकडो हात आहेत, तिथल्या एकालाही या हत्याराला हात लावता येत नाही. परवानाधारक दुरुस्तीवाले मोजके. उरला मार्ग पुन्हा कानपूरचा, कागदपत्रांसह. आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येत असल्याने, बिघडलेले हत्यारही एक जागा अडवून बसते.

दोष वेळीच कळत का नाही, याचाही हिशेब मांडता येतो. समजा एखाद्या रिव्हॉल्व्हरमध्ये पन्नासात एकदा काडतूस न उडण्याचा दोष आहे. नव्या मालकाने हौसेने १० गोळ्या झाडून पाहिल्या. दहाही गोळ्या सुरळीत उडण्याची शक्यता ८२ टक्के निघते. म्हणजे पाच मालकांपैकी चार जण ‘उत्तम आहे’ म्हणत ते कपाटात ठेवून देतील. आपल्याकडे काडतुसांची संख्या परवान्यातच बांधलेली, सरावाला नेमबाजीचे मैदान सर्वांना जवळ नाही, त्यामुळे बहुतेक हत्यारे आयुष्यभरात पन्नास गोळ्यांपर्यंतही जात नसावीत. दोष झोपून राहतो. जागा होतो तो दिवस मालकाने निवडलेला नसतो.

लष्कराची गोष्ट निराळी आहे. कारगिलच्या १९९९ च्या युद्धात इन्सास रायफलीची मॅगझिने थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या, त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली, आणि अखेर ती रायफल बदलण्याचे निर्णय झाले. सैन्याच्या मालाला सरकारचाच स्वतंत्र गुणवत्ता विभाग, वर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल, संसदेत प्रश्न. सैन्य हे मोठे गिऱ्हाईक आहे, ते माल परत पाठवू शकते. एकट्यादुकट्या परवानाधारकाला बोलायचीही चोरी. आपल्या घरी शस्त्र आहे हे चारचौघांत सांगणे शहाणपणाचे नसते, आणि ज्याला ते स्वसंरक्षणासाठी दिले आहे तो ‘माझे हत्यार चालत नाही’ असे वर्तमानपत्रात कशाला छापून आणेल?

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ बाजारात आणले. ५०० ग्रॅम वजनाचे, टायटॅनियम मिश्रधातूचे, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर स्त्रियांच्या संरक्षणाचे साधन म्हणून त्याची जाहिरात झाली आणि ते दागिन्यांच्या पेटीसारख्या किरमिजी पेटीत मिळू लागले. तेव्हा टीकाही पुष्कळ झाली: नावावर, किमतीवर, मूळ कल्पनेवर. ती योग्यच होती. पण ज्या स्त्रीने लाखभर रुपये मोजून ते घेतले, तिला त्या पेटीत आणखी एक कागद मिळायला हवा होता, असे मला वाटते. या क्रमांकाच्या हत्याराच्या सहाही घरांतून किती गोळ्या झाडल्या, चापाला किती जोर लागला, चक्राची फट किती भरली, आणि खाली तपासणाऱ्याची सही. मखमल ही काही तपासणी नव्हे. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ची जाहिरात झाली ती ५० मीटर पल्ल्याची. बाजूला उघडणारे चक्र हे त्याचे नावीन्य. ही रचना कोल्टने १८८९ मध्येच आणली होती, असो. स्वसंरक्षणाच्या हत्याराला ५० मीटर पल्ला कशाला हवा हे मला उमजलेले नाही. शंभर गोळ्यांत किती फुकट जातात हा आकडा मात्र मला हवा आहे.

‘पण हत्यारांची सिद्धता-चाचणी होतेच की,’ असे उत्तर मिळेल. होते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस झाडून नळी व चक्र फुटत नाही ना हे पाहायचे आणि शिक्का मारायचा, ही पद्धत लंडनच्या बंदूककारांनी सतराव्या शतकात रूढ केली. बर्मिंगहॅमचे सिद्धतागृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले, ते बंदूक बनवणाऱ्यांच्या कारखान्यांपासून वेगळे, स्वतंत्र. दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ही चाचणी हत्यार फुटणार नाही एवढेच सांगते. चालेल की नाही हे सांगत नाही. आणि तिची किंमत तपासणारा बनवणाऱ्यापासून वेगळा असण्यात आहे. एमआयडीसीतल्या प्रत्येक दुसऱ्या फाटकावर ‘आयएसओ ९००१’ ची पाटी असते. तीही व्यवस्थेचे प्रमाणपत्र असते, वस्तूचे नव्हे, हे आतला फिटर तुम्हाला हसत हसत सांगेल.

प्रेशर कुकरला २०२० च्या आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आणि ते नसलेले कुकर विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना २०२२ मध्ये दंडही झाले. शिटी अडकलेला कुकर धोकादायक असतो, म्हणून हे योग्यच. अडकलेले रिव्हॉल्व्हर त्याहून कमी धोकादायक आहे काय? २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनातील दोषाबद्दल निर्मात्याची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. तिचा उपयोग एखाद्या परवानाधारकाने जिल्हा आयोगापुढे करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. शस्त्रे घेणाऱ्या सुखवस्तू लोकांची तुम्हाला एवढी काळजी का? चांगली चाललेली रिव्हॉल्व्हरे समाजाला कशाला हवीत? मी स्वतः शस्त्रपरवान्यांची खिरापत वाटण्याच्या विरुद्ध आहे. उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात राजकारण आणि हत्यारे यांचे लग्न कसे लागते हे पाहिलेल्या माणसाला वेगळे मत असणे कठीण. परंतु परवाना द्यावा की न द्यावा हा एक प्रश्न, आणि दिल्यावर सदोष वस्तू हाती द्यावी काय हा दुसरा. सदोष हत्यार मालकाला निःशस्त्र करते, पण शेजाऱ्याला सुरक्षित करत नाही. न उडालेले काडतूस कधी कधी क्षणभराच्या विलंबाने उडते, आणि तोवर गोंधळलेल्या माणसाने नळी कुठेही वळवलेली असते. झिजलेल्या खाचेवरून घोडा निसटतो तेव्हा समोर चोरच असतो असे नाही. पुष्कळदा घरातलेच कुणी असते.

वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी अभियंत्याने १९२४ मध्ये कारखान्यातल्या दोषांवर पाळत ठेवणारा नियंत्रण-आलेख मांडला. स्वातंत्र्याच्या सुमारास महालनोबिसांच्या निमंत्रणावरून तो भारतात येऊन गेला. ती विद्या आपल्याकडे जपानइतकीच लवकर आली होती. अंबरनाथच्या गाळ्यांत आज मोटारींच्या सुट्या भागांसाठी तो आलेख भिंतीवर लावलेला दिसतो, कारण चाकणचा ग्राहक तो मागतो आणि आलेख नसेल तर माल ट्रकमधून उतरवूनही घेत नाही.