शाळेत मातीस जागा द्या

मुलगा चिखलात हात घालून बसला की घरातील वडील मंडळी त्यास दटावतात. तोच मुलगा पाटीवर चार बेरजा बिनचूक करून दाखवू लागला की त्यांस धन्यता वाटते. बेरजेस कमी लेखण्याची आमची इच्छा नाही. ती ज्यास येत नाही त्याचे दुकान चालत नाही, हे आमचे व्यापारी वाचक आम्हांस शिकवतील. परंतु चिखलातले काम म्हणजे केवळ खोडी आणि पाटीवरचे काम म्हणजेच काय ती विद्या, ही जी समजूत आमच्या शहरांत व खेड्यांत घट्ट बसली आहे, तीमुळे आमच्या मुलांचे आणि पर्यायाने आमच्या समाजाचे किती नुकसान होत आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे. बीड जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत मूर्तिकामास आठवड्यातून एक तास मिळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिल्प म्हटले की संगमरवर, ब्राँझ आणि मोठा खर्च, असे पुष्कळांस वाटते. पण आमच्या कोणत्याही गावी विद्यार्थ्याच्या हाताशी काय नाही? कडब्याची धाटे आहेत, उसाची चिपाडे आहेत, फाटके गोणपाट, बांधणीची तार, रद्दी कागद, चुलीतील राख, गव्हाचा भुसा आणि पायाखालची काळी माती आहे. तार वाकवून व सुतळीने बांधून विद्यार्थी प्रथम बैलाचा सांगाडा उभा करतो. चारी पायांवर भार सारखा आला नाही तर बैल आडवा होतो, आणि तोल म्हणजे काय हे त्यास कोणी न सांगता कळते. मग रद्दी कागद दोन-चार दिवस भिजवून, कुटून, चिकटपणा यावा म्हणून त्यात भिजवलेल्या मेथीचे वाटण घालून तो लगदा करतो, आणि त्याचे पातळ थर एकावर एक चढवितो. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा द्यावयाचा नाही, हा संयमाचा धडा कोणत्या पुस्तकाने इतका पक्का शिकविला आहे?

मातीचे काम याहून कठीण. आमची काळी माती पाण्याने फुगते व वाळताना आकसते. म्हणून नुसत्या काळ्या मातीची मूर्ती उन्हात ठेवली की तीस भेगा पडतात. विद्यार्थी मग माती चाळतो, तीत वाळू, राख, भुसा मिसळून पाहतो, मूर्ती आतून पोकळ करतो, ओल्या फडक्याखाली ती हळूहळू वाळवितो. आत तार घातली असता माती आकसते पण तार आकसत नाही, म्हणून नेमकी सांध्यावर चीर जाते, हेही त्याच्या ध्यानी येते. कारण शोधणे, प्रमाण बदलणे, परिणाम पाहणे आणि पुन्हा करणे, यालाच शास्त्र म्हणतात ना?

हे काम आमच्या घरांस परके नाही. पोळ्यास मातीचे बैल होतात. मराठवाड्यात महालक्ष्म्या उभ्या करताना पत्र्याच्या कोठीवर धड व मुखवटा बसवून, लुगड्याच्या निऱ्यांतून जो देह साकार केला जातो, ते साध्या वस्तूंतून उभारलेले शिल्पच नव्हे तर काय? आमच्या आयाबहिणींचे हे कसब देवघरात शोभते, मग शाळेत का शोभू नये?

विद्यार्थ्याच्या हातून मोठे काम होत नाही, असे कोणी म्हणेल. त्यांनी गणपतराव म्हात्रे यांचे नाव आठवावे. १८९६ साली, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी असतानाच, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती केली. आणि ती संगमरवरात नव्हे, प्लास्टरमध्ये. तिजविषयी खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांनी कौतुकाने लिहिले. अलिबागजवळील सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या घरी गणपती करण्याचे काम चाले. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, म्हणून तो मुलगा कलाशाळेत पोहोचला. पुढे १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. आणि ज्या सिमेंटने गवंडी ओटा बांधतो, त्याच सिमेंटमधून त्यांनी सासवण्यास अनेक जिवंत मूर्ती घडविल्या. राम सुतार हे १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे एका सुताराच्या घरी जन्मले. १९५०च्या दशकात त्यांनी वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले, आणि २०१८ साली केवडिया येथे १८२ मीटर उंचीचा वल्लभभाई पटेलांचा पुतळा त्यांच्याच आराखड्यावरून उभा राहिला. करमरकरांस रॉथफील्ड भेटला. ज्या मुलाच्या भिंतीसमोरून कोणताही साहेब गेला नाही, त्याचे काय झाले असेल? शाळेचे काम हेच की, कलागुण असा दैवाच्या हवाली राहू नये.

याहूनही खोल एक गोष्ट आहे. आमच्या समाजाने माती कुंभारास दिली, लाकूड सुतारास दिले, दगड पाथरवटास दिला, आणि लेखणी हाती घेणाऱ्याने या तिन्हींस हात न लावणे हेच सभ्यतेचे लक्षण मानले. परिणाम असा झाला की, ज्याच्या हाती कसब त्यास अक्षर नाही, आणि ज्याच्या हाती अक्षर त्यास कसब नाही. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातील पाषाणाचे हत्ती, धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावरील मूर्ती यांसमोर आम्ही अभिमानाने उभे राहतो. पण त्या घडविणाऱ्यांच्या वंशजास पंगतीत कोठे बसवीत होतो, हे आठवले तर मान खाली जाते. एकाच बाकावर बसून वाण्याचा, कुंभाराचा, मांगाचा व देशमुखाचा मुलगा एकच माती मळतील, तेव्हा श्रमास चिकटलेला विटाळ व्याख्यानावाचून धुऊन निघेल.

कोणी विचारील, याने पोट भरते काय? व्याकरणाने तरी थेट कोठे भरते? परंतु ज्याची नजर प्रमाणात व ज्याचा हात वळणात बसला, तो साचेकाम, ओतकाम, लोखंडकाम, सुतारकाम, यांपैकी कशातही दुसऱ्यापेक्षा लवकर तयार होतो. शिवाय आमच्या जिल्ह्याचे एक दुःख आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांची जी मुले बरोबर जातात, ती परत येतात तेव्हा वाचनात मागे पडलेली असतात, आणि वर्गात खाली मान घालून बसतात. मातीच्या तासास मागचे धडे चुकल्याची अडचण नाही. निदान त्या एका तासात तरी ते मूल बरोबरीने बसेल, आणि ज्यास एका कामात मान मिळाला तो दुसऱ्या कामास धीराने हात घालतो.

साहित्य नाही ही सबबही टिकणारी नाही. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा महागड्या विलायती साधनांऐवजी परिसरातील साध्या वस्तूच त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. उणीव आहे ती शिक्षकांची. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कलेसाठी अंशकालीन शिक्षक असावा, असे सांगितले आहे. या जागा भरल्या आहेत की नाहीत, हे पालकांनी शाळेच्या दारी जाऊन विचारावे. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचे काम सारे कागदावर होते. त्यांत हाताने घडविलेल्या वस्तूस स्थान मिळावे, अशी मागणी शिक्षकांनी एकमुखाने करावी. सरकारी कला महाविद्यालये मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत; बीडच्या मुलास तेथवर पोहोचावयाचे तर पहिली पायरी त्याच्या गावच्या शाळेतच असली पाहिजे.

आमच्या व्यापारी बंधूंस एवढेच सांगणे आहे. तुमच्या दुकानामागे पडलेले पुठ्ठे, पोती, तार व रद्दी जवळच्या शाळेस द्या. पोळ्याच्या आठवड्यात मुलांनी केलेले बैल दुकानाच्या फळीवर मांडा, आणि दाम देऊन विकत घ्या. फुकट घेऊ नका. दान केल्याने मूल उपकृत होते, मोल केल्याने ते कारागीर होते. आमच्या जिल्ह्यास उपकृतांची वाण नाही. उणीव आहे ती आपल्या हातावर विश्वास असणाऱ्यांची.