एक तारा आणि झुंड

तलासरी ओलांडून अच्छाडचा नाका मागे टाकला की थोड्याच वेळात वापी येतं. तिथल्या चला भागात स्टुडिओ ओलिओमिंगस आहे. ध्रुव जानी यांचा हा चिमुकला स्टुडिओ वसाहतकाळाचा इतिहास आणि रचलेल्या दंतकथा यांची सरमिसळ करून गेम बनवतो. रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात असलं काही शिजतं, हेच नवल.

अशा स्टुडिओंकडे जाहिरातीला पैसा नसतो. गेम विकणाऱ्या स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानात खेळणाऱ्यांनी दिलेले शेरे हीच त्यांची जाहिरात, आणि तिथलं गणित फार नाजूक. समजा वीस जणांनी मत दिलं आणि अठरांना गेम आवडला, तर झाले 90 टक्के. उद्या कुणा यूट्यूबरच्या इशाऱ्यावर आणखी वीस जण अंगठा खाली करून गेले, की उरतात 45 आणि नावापुढे ‘मिश्र’ असा शिक्का. मोठ्या कंपनीच्या लाखभर शेऱ्यांत हेच वीस जण दिसणारही नाहीत.

गेम वाईट असावा लागतोच असं नाही. ‘ऊब्लेट्स’ हा अमेरिकेतल्या एका जोडप्याचा गोडगोजिरा शेतीचा गेम. 2019मध्ये त्यांनी तो स्टीमऐवजी एपिकच्या दुकानात आणायचं ठरवलं. गेम अजून बाजारात यायचा होता, तरी शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्यांचा पूर आला. त्यांच्या तोंडी बनावट वाक्यंही घातली गेली. आपल्याकडची तऱ्हा तर आणखी भारी. 2017मध्ये स्नॅपचॅटवर चिडलेल्यांनी स्नॅपडील या खरेदीच्या अॅपलाच एक-एक तारा देऊन टाकला. झुंडीला नाव नीट वाचायलाही सवड नसते!

मात्र प्रत्येक एक तारा म्हणजे हल्ला नव्हे. 26 जानेवारी 2021 रोजी आलेल्या ‘फौजी’ या भारतीय गेमचं रेटिंग काही दिवसांतच घसरलं. त्यात भारतात बंदी आलेल्या पबजी या गेमचे रुसलेले चाहते होते, तसेच गेममध्ये करण्यासारखं फारसं काही नाही म्हणून खरोखर वैतागलेलेही होते. या दुसऱ्यांचं तोंड बंद करून कुणाचं भलं होणार?

म्हणूनच अशा झुंडींविरुद्ध ‘कडक कायदा करा’ ही मागणी पालघर जिल्ह्यात तरी जपून करावी. नोव्हेंबर 2012मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एक लिहिणारी, दुसरी ते ‘लाइक’ करणारी. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. झुंड रस्त्यावर होती आणि पोलिसांच्या हाती माहिती तंत्रज्ञान कायद्याचं मोघम कलम 66अ होतं. बेड्या पडल्या त्या बोलणाऱ्यांना. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी ते कलम रद्द केलं. उद्या ‘त्रासदायक शेरा’ हा गुन्हा ठरला, तर त्याचा पहिला वापर पैसेवाली कंपनी गिऱ्हाइकावरच करील.

धमकी हा गुन्हा आहेच. भारतीय न्याय संहितेचं कलम 351 त्यासाठी आहे आणि पोलिसांनी ते लावावं. ताऱ्यांची जबाबदारी मात्र दुकानदाराची. 2017मध्ये ‘फायरवॉच’ या छोट्या स्टुडिओच्या गेमवर अशीच धाड पडली, तेव्हा स्टीमने शेऱ्यांचा तारीखवार आलेख दाखवायला सुरुवात केली. मार्च 2019पासून गेमशी संबंध नसलेल्या शेऱ्यांचा लोंढा आला, तर तो एकूण गुणांतून वगळला जातो. शेरे पुसत नाहीत, वाचायचे त्याने वाचावेत. हा तोडगा शहाणपणाचा आहे.

भारतात ग्राहकांच्या ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस 19000:2022 हे मानक नोव्हेंबर 2022मध्ये आलं, तेही ऐच्छिक. अॅपच्या दुकानांना ते बंधनकारक करायला हवं. 2021च्या आयटी नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याला 24 तासांत पोच आणि 7 दिवसांत (2026च्या दुरुस्तीपूर्वी 15) निकाल द्यावा लागतो. पण छोट्या गेमची बरीचशी विक्री पहिल्या आठवड्यातच होते. सातव्या दिवशी न्याय मिळेपर्यंत गेम दुकानाच्या तळाशी गेलेला असतो. तेव्हा शेऱ्यांची अचानक उसळी दिसली, की माणसाने तपासेपर्यंत दोन दिवस गुण गोठवावेत आणि मग निर्णय कारणासह बनवणाऱ्याला कळवावा, एवढं तरी कमिशन कापणाऱ्या दुकानाला परवडायला हरकत नाही.