चालतं म्हणजे नेमकं काय चालतं?

बारावीचा निकाल लागला की आम्हा वर्धेकरांच्या घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. पोराला गेमिंगचा कॉम्प्युटर हवाय, यावर मोठे गेम चालतील का? दुकानात उत्तर तयारच असतं, "आय-सेव्हन आहे, सारेच गेम चालते जी!"

मला या 'सारेच चालते'चा मनापासून राग आहे. मंडळी, आय-सेव्हन हे बिरूद आहे, मोजमाप नव्हे! इंटेलच्या २०११ च्या आय-सेव्हन २६०० ला २०२२ चा साधा आय-थ्री १२१०० आरामात मागे टाकतो. (कोअर दोघांनाही चारच बरं का.) तरी जुना माल बिरुदावर खपतोच.

ग्राफिक्स कार्डाची तऱ्हा आणखी न्यारी. एनव्हिडियाने २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० या एकाच नावाने दोन कार्डं विकली. एकात ६ जीबी मेमरी आणि १२८० कोअर, दुसऱ्यात ३ जीबी आणि ११५२. मेमरी निदान खोक्यावर दिसते, कोअर कमी आहेत हे कोण सांगणार? लॅपटॉपमध्ये तर आरटीएक्स ४०६० हे नाव ३५ वॅटच्या कार्डालाही आणि ११५ वॅटच्याही!

मग गेम कंपनीच्या यादीवर भरवसा ठेवावा? ठेवा, पण तारीख बघून. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा ६ जीबीचं १०६० 'रेकमेंडेड' होतं. २०२३ मध्ये यादी बदलली आणि तेच कार्ड 'मिनिमम'वर आलं. डिसेंबर २०२४ मधल्या इंडियाना जोन्सच्या गेमने तर रे ट्रेसिंग नसलेल्या कार्डांना दारातच उभं केलं नाही.

आणि 'चालतं' म्हणजे किती फ्रेमनी? सेकंदाला ६० फ्रेम हव्यात तर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं. सरासरी ६० असूनही मध्येच एखाद्या चित्राला १०० लागले, की खेळ अडखळलाच.

म्हणून माझं स्पष्ट मत: जो गेम खेळायचाय तोच, घरी असेल त्याच रिझोल्यूशनला, निदान अर्धा तास चालवून बघा. पहिली पाच मिनिटं कुठलंही यंत्र गुणीच असतं. तापलं की प्रोसेसर नि कार्ड जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतात. दुकानाच्या एसीत हे कळायचं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बाहेरची हवा जितकी जास्त गरम, साधारण तितकंच आतलं यंत्रही जास्त तापतं.

फ्रेम कमी पडल्या तर रिझोल्यूशन उतरवा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, नाही वाढल्या तर बहुधा प्रोसेसर. एवढं कळलं तरी अख्खा डबा बदलायची पाळी येत नाही.

"एवढं कोण तपासते जी?" असं दुकानदार म्हणेलच. म्हणू दे! बैलजोडी घेताना आपण दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. मग कापसाच्या चुकाऱ्यातले साठ-सत्तर हजार एका स्टिकरवर का उधळायचे?

असो. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी भर उन्हाळ्यातले आपले आकडे जरूर कळवा. पुढच्या घेणाऱ्याच्या कामी येतील.